क्रॅशचा पत्ता ४०००: एम्युलेटर आणि कर्नल यांच्यातला आठ बाइटचा फरक

फैजपूरच्या एका तरुण इंजिनिअर मित्राचा प्रश्न थोडक्यात असा. केळीच्या रायपनिंग चेंबरसाठी त्याने कंट्रोलरचा प्रोग्रॅम लिहिलाय. रिस्क-फाइव्ह जातीच्या ६४-बिट प्रोसेसरच्या लिनक्स बोर्डावर तो नीट चालतो. बोर्ड एकच आहे आणि तो सावद्याच्या चेंबरवर बसवलेला आहे, म्हणून रोजची चाचणी लॅपटॉपवर, स्वतः लिहिलेल्या यूझर-मोड एम्युलेटरमध्ये होते. तो दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरचा प्रोग्रॅम लॅपटॉपवर चालवतो आणि कर्नलची (लिनक्सच्या गाभ्याची) कामं स्वतः पार पाडतो. तिथे सिगअलार्म या सिग्नलचा (प्रोग्रॅमला मध्येच मिळणाऱ्या इशाऱ्याचा) हँडलर, म्हणजे तो आल्यावर चालणारा कोड, बरोबर चालतो, पण हँडलर संपून परत येताना प्रोग्रॅम कोसळतो. जीडीबीत (डीबगरमध्ये) बघितलं तर पीसी, म्हणजे प्रोसेसरच्या चालू सूचनेचा पत्ता, हेक्स ४००० वर असतो, आणि त्या पत्त्यावर काहीच नाही. 'रिस्टोररचा फ्लॅग नसेल तर रिस्टोरर (हँडलरमधून परत आणणारा छोटा कोड) वापरायचा नाही' अशी अट घातल्यावर कोसळणं थांबलं. पण आता सिगअलार्मचा हँडलर चालू असतानाच मध्ये सिगटर्म (प्रोग्रॅम थांबवायचा सिग्नल) घुसतो. तो मास्कमध्ये, म्हणजे हँडलर चालू असताना अडवायच्या सिग्नलांच्या यादीत, टाकलेला असूनही घुसतो. ट्रॅम्पोलिन (परतीच्या उडीचा कोड) चुकतोय की स्टॅक बिघडतोय, असं त्याने विचारलंय.

दोन्ही नाही. तुझा एम्युलेटर सिगअ‍ॅक्शनचं स्ट्रक्चर (सिग्नलला हँडलर नेमताना प्रोग्रॅम कर्नलला देतो ती माहिती) चुकीच्या मापाने वाचतोय. आणि ज्याला तू क्रॅशचा पत्ता समजतोयस, तो तुझाच मास्क आहे.

हिशेब करून बघ. सिगटर्मचा क्रमांक १५. मास्कमध्ये १ क्रमांकाचा सिग्नल शून्याव्या बिटवर बसतो, म्हणजे १५ क्रमांकाचा चौदाव्या बिटवर. दोनाचा चौदावा घात १६३८४, आणि हेक्समध्ये तेच ४०००. एम्युलेटरने मास्क उचलला, त्याला रिस्टोररचा पत्ता समजून आरए (परतीचा पत्ता ठेवणाऱ्या) रजिस्टरमध्ये ठेवला, आणि हँडलर संपल्यावर प्रोग्रॅमने सांगितल्या जागी उडी मारली.

पडताळायला दोन मिनिटं लागतील. नंतर घातलेली ती अट तात्पुरती काढ आणि मास्कमध्ये सिगटर्मच्या जोडीला सिगइंट टाक, क्रमांक २. आता पीसी ४००२ वर सापडला पाहिजे. मास्क पूर्ण रिकामा ठेवलास तर शून्यावर. मात्र सिगहप टाकून बघू नकोस. त्याचा बिट शून्यावा, आणि रिस्क-फाइव्हची परतीची उडी ज्या सूचनेने होते ती पत्त्यातला सगळ्यात खालचा बिट पुसून टाकते. पीसी ४००० च दिसेल आणि तुला वाटेल माझा अंदाज चुकला.

आता मुळाकडे. कर्नलच्या दृष्टीने सिगअ‍ॅक्शनचं स्ट्रक्चर दोन्हीकडे असं आहे:

एक्स८६-६४ (लॅपटॉप): हँडलर ० व्या बाइटवर, फ्लॅग्ज ८ वर, रिस्टोरर १६ वर, मास्क २४ वर. एकूण ३२ बाइट.
रिस्क-फाइव्ह ६४: हँडलर ० वर, फ्लॅग्ज ८ वर, मास्क १६ वर. एकूण २४ बाइट.

रिस्क-फाइव्हमध्ये रिस्टोररचा रकानाच नाही. हँडलरमधून परत येण्याचा छोटा कोड तिथे कर्नल स्वतः व्हीडीएसओमध्ये (तो प्रत्येक प्रोग्रॅमला जोडून देतो त्या पानात) ठेवतो, त्यामुळे लिबसीने (सी भाषेच्या मूळ लायब्ररीने) त्याचा पत्ता पुरवायची गरज राहत नाही. कर्नलच्या सोर्समध्ये हा रकाना एका इफडेफच्या (कंपाइल करतानाच्या अटीच्या) आत आहे, आणि जे आर्किटेक्चर रिस्टोररचा मॅक्रो देतं त्यालाच तो मिळतो. आर्म६४ देतं, रिस्क-फाइव्ह देत नाही. तू एक्स८६ ची मांडणी समोर ठेवून एम्युलेटर लिहिला असणार. बहुतेक सगळे तसंच करतात, कारण लॅपटॉपवर समोर तीच दिसते.

आमच्याकडे भुसावळ जंक्शनवर उभं राहिलेल्या कुणालाही हा प्रकार पटकन समजेल. फलाटावरचं कोच इंडिकेटर सांगतं की एस-६ इथे येणार. माणसं पेट्या, कट्टे, लेकरं घेऊन बरोबर त्या खांबाखाली उभी राहतात. गाडी येते आणि कळतं की आज एस-३ लागलेलाच नाही. इंजिनकडच्या एस-१, एस-२ वाल्यांना काहीच जाणवत नाही, दार त्यांच्यासमोरच येऊन थांबतं. एस-४ पासून पुढचे सगळे मात्र एका डब्याने चुकलेले. एस-४ वाल्यांसमोर एस-५ उभा. तुझ्या स्ट्रक्चरमध्ये हँडलर आणि फ्लॅग्ज म्हणजे ते पहिले दोन डबे. म्हणून हँडलर अचूक चालला, म्हणून तू सिगअ‍ॅक्शनवर संशय घेतला नाहीस, आणि म्हणून शोध ट्रॅम्पोलिनकडे गेला. मांडणीच्या चुकीत चुकीच्या जागेच्या आधीचं सगळं बरोबर चालतं आणि तेच आपल्याला लांब नेतं.

तुझ्या अटीमुळे काय झालं तेही यावरून उलगडतं. रिस्क-फाइव्हचा प्रोग्रॅम रिस्टोररचा फ्लॅग लावत नाही, म्हणून १६ वरची संख्या दुर्लक्षली गेली आणि कोसळणं थांबलं. पण मास्क तू अजूनही २४ वरूनच वाचतोयस. तिथे स्ट्रक्चर संपलेलं आहे. त्या जागी स्टॅकवर जे पडलं असेल तोच तुझा मास्क. बहुतेक वेळा शून्य, म्हणून सिगटर्म अडवला जात नाही. कधी तिथे एखादा पॉइंटर असेल, तर भलतेच सिग्नल अडतील आणि 'कधीकधी कंट्रोल-सी चालत नाही' अशी तक्रार येईल. ती तक्रार आणि हा क्रॅश यांचं मूळ एकच आहे हे कुणाच्या लक्षातही येणार नाही.

इथे थांबून एक गोष्ट सांगतो, कारण तू आत्ता ज्या टप्प्यावर आहेस तिथेच मी घसरलो होतो. काही वर्षांपूर्वी माझ्याच एम्युलेटरमध्ये मास्क असाच पाळला जात नव्हता. मी एम्युलेटरवर विश्वास ठेवला आणि दोष प्रोग्रॅमला दिला. हँडलरमध्ये सिग्नल घुसतोय ना, मग मी स्वतःचे झेंडे (फ्लॅग व्हेरिएबल) आणि तपासण्या टाकून धडधाकट कोड 'दुरुस्त' केला. एम्युलेटरमध्ये सगळं हिरवं झालं. तोच कोड शिरपूरच्या एका चेंबरवर गेला. तिथे कर्नल मास्क नीट पाळत होता, त्यामुळे ज्या घटनेची माझा नवा झेंडा वाट बघत बसला ती कधी घडलीच नाही, आणि एक्झॉस्ट पंखा रात्रभर सुरूच झाला नाही. इथिलीन सोडल्यावर ठरावीक वेळाने खोलीची हवा बदलावी लागते, नाहीतर केळ्यांनीच सोडलेला कार्बन डायऑक्साइड साचतो आणि पिकणं अडतं. सकाळी दार उघडलं तर क्रेटमधल्या फण्या कुठे पिवळ्या, कुठे हिरव्या. व्यापारी एवढंच म्हणाला, "भाऊ, तुमनं मशीन रातभर काय करी ऱ्हायनं व्हतं?" ते वाक्य अजून कानात आहे. म्हणून तुला कळकळीने सांगतो: बोर्डावर चालतं आणि एम्युलेटरमध्ये चालत नाही, अशा वेळी प्रोग्रॅमला हात लावू नकोस. जोवर दोघांच्या मांडण्या बाइट-बाइट जुळवून झाल्या नाहीत, तोवर अजिबात नाही.

जुळवताना पहिली चूक मॅन पेजमुळे होते. सिगअ‍ॅक्शनचं मॅन पेज जे स्ट्रक्चर दाखवतं ते लिबसीचं आहे, कर्नलचं नाही. एक्स८६-६४ वर ग्लिबसीच्या (लिनक्सवरच्या नेहमीच्या लिबसीच्या) स्ट्रक्चरमध्ये हँडलरनंतर लगेच मास्क येतो, आणि तो १०२४ बिटांचा म्हणजे १२८ बाइटचा असतो. फ्लॅग्ज १३६ वर, रिस्टोरर १४४ वर, एकूण १५२ बाइट. कर्नलचा मास्क फक्त ८ बाइटचा. लिबसी मध्ये बसून एकाचं दुसऱ्यात रूपांतर करते. एम्युलेटर सिस्टिम कॉलच्या (प्रोग्रॅम कर्नलला काम सांगतो त्या) दारात उभा असतो, त्यामुळे त्याला कायम कर्नलचं स्ट्रक्चर दिसतं. एम्युलेटरच्या फाइलमध्ये यजमान मशीनची (लॅपटॉपची) सिग्नलची हेडर फाइल घेतलीस आणि तिच्यातला सिगसेट प्रकार पाहुण्या (रिस्क-फाइव्ह प्रोग्रॅमच्या) स्ट्रक्चरमध्ये वापरलास, की १२० बाइटची चूक तिथेच झाली. पाहुण्याच्या प्रत्येक स्ट्रक्चरमध्ये ठरावीक रुंदीचेच प्रकार वापर, ३२ बिट म्हणजे ३२ बिट. 'लाँग' हा शब्द त्या फाइलमध्ये दिसताच कामा नये.

आणि ऑफसेट (रकाना कितव्या बाइटवर आहे ते) डोक्याने मोजू नकोस. रिस्क-फाइव्हच्या क्रॉस कंपायलरने, कर्नलच्या हेडर्स घेऊन, ऑफसेटऑफ छापणारा दहा ओळींचा प्रोग्रॅम बनव. ते आकडे एम्युलेटरच्या कोडमध्ये स्टॅटिक असर्ट (जुळलं नाही तर कंपाइलच न होऊ देणारी तपासणी) म्हणून घाल. पाहोल (स्ट्रक्चरची मांडणी दाखवणारं साधन) किंवा जीडीबीतलं ऑफसेटसह टाइप छापणं हेही चांगलं, पण ते तू लिहिलेल्या स्ट्रक्चरचं माप सांगतं. ते माप बरोबर आहे का, हे पाहुण्याच्या कंपायलरलाच विचारावं लागतं.

आता लिबसी बाजूला ठेवून कर्नलला थेट विचारायचं. एक छोटा प्रोग्रॅम लिही, स्टॅटिक, आणि सिस्टिम कॉल थेट मारणारा. रिस्क-फाइव्हवर आरटी_सिगअ‍ॅक्शनचा क्रमांक १३४ आहे. आधी सिगयूएसआर१ साठी अ‍ॅक्शन लाव: हँडलरमध्ये ओळखू येईल अशी कुठलीही संख्या, फ्लॅग्जमध्ये सिस्टिम कॉल पुन्हा सुरू करण्याचा रीस्टार्ट फ्लॅग, मास्कचे सगळे ६४ बिट १. मग ६४ बाइटचा बफर घे, तो हेक्स ए५ या बाइटने भरून टाक, आणि 'जुनी अ‍ॅक्शन दे' म्हणून तोच बफर कर्नलला दे. परत आल्यावर किती बाइट बदलले ते मोज. खऱ्या कर्नलवर २४ बदलतील, तुझ्या एम्युलेटरमध्ये ३२.

यात कर्नलची एक सवय फार उपयोगी पडते. सिगकिल आणि सिगस्टॉप अडवता येत नाहीत, म्हणून मास्क घेतानाच कर्नल ९ आणि १९ क्रमांकांचे बिट पुसतो. तू सगळे १ दिलेस तरी परत येताना ते दोन बिट शून्य असतात. डंपमध्ये ज्या आठ बाइटांत बरोबर हे दोन बिट गायब आहेत, तोच मास्क. त्याने स्वतःच आपली जागा सांगितली, कागदपत्रं बघायची गरज नाही. तुझा एम्युलेटर हे दोन बिट पुसत नसेल तर तेही आत्ताच नीट कर. फ्लॅग्जमध्ये मात्र मनाला येईल तो आकडा भरू नकोस. ५.११ पासून कर्नल अनोळखी फ्लॅग साफ करून परत देतो आणि तुझा आकडा हरवतो.

ही जुनी अ‍ॅक्शन परत लिहिण्याची बाजू बहुतेक जण तपासतच नाहीत, आणि नुकसान तिथे जास्त होतं. वाचताना चुकलं तर चुकीचा मास्क मिळतो. लिहिताना चुकलं तर पाहुण्याच्या २४ बाइटच्या बफरमध्ये तू ३२ बाइट ओततोस. वरचे ८ बाइट म्हणजे शेजारचा व्हेरिएबल, किंवा स्टॅकवर जपून ठेवलेला आरए. साधा सिग्नल() हा कॉल आतून जुनी अ‍ॅक्शन मागतो, त्यामुळे ज्याने सिगअ‍ॅक्शन कधी हातात घेतलं नाही असा प्रोग्रॅमही यात सापडू शकतो. काही लिबसी आपल्या आतल्या स्ट्रक्चरमध्ये मास्कसाठी ऐसपैस जागा ठेवतात, त्यामुळे हा घाव झाकला जातो. मग एका लिबसीबरोबर चालतं, दुसरीबरोबर कोसळतं, आणि लोक लिबसीला दोष देतात.

न्यायनिवाड्यासाठी सावद्याला जाऊन बोर्ड सोडवून आणायची गरज नाही. क्यूएमू या तयार एम्युलेटरचा सिस्टिम मोड घे आणि त्यात खरा रिस्क-फाइव्ह लिनक्स कर्नल चालव. त्या मोडमध्ये एम्युलेटर फक्त प्रोसेसर आणि बाकीचं हार्डवेअर पुरवतो, सिग्नलचं सगळं काम खरा कर्नल करतो. तोच स्टॅटिक प्रोग्रॅम आधी तिथे चालव, मग तुझ्या यूझर-मोड एम्युलेटरमध्ये, आणि दोन्ही डंप शेजारी ठेव. पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) आणि स्टॅकचे पत्ते वेगळे असणारच. त्यापलीकडचा प्रत्येक फरक तुझा आहे.

सिगअ‍ॅक्शन एवढ्याने सुटेल. पण मला तुझ्या सिग्नल फ्रेमची जास्त काळजी आहे, आणि तू त्याबद्दल विचारलेलंच नाहीस.

हँडलर सुरू होण्याआधी पाहुण्याच्या स्टॅकवर फ्रेम, म्हणजे थांबलेल्या प्रोग्रॅमची स्थिती जपणारी नोंद, मांडली जाते. रिस्क-फाइव्हवर आधी सिगइन्फो (सिग्नलची माहिती), १२८ बाइट, मग यूकाँटेक्स्ट (मास्क, रजिस्टरं वगैरे). यूकाँटेक्स्टमध्ये फ्लॅग्ज ० वर, लिंक ८ वर, पर्यायी स्टॅकचं वर्णन १६ वर, जुना मास्क ४० वर. मास्क ८ बाइटचा, पण पुढे कधी सिग्नल वाढले तर जागा असावी म्हणून त्याच्यामागे १२० बाइट मोकळे सोडलेले आहेत. ते १६८ वर संपतात. रजिस्टरांचा कप्पा १६ च्या पटीत सुरू व्हावा लागतो, म्हणून तो १६८ वर न येता १७६ वर येतो. हे ८ बाइट मोजायचे राहून जातात. त्या कप्प्यात पहिली जागा पीसीची, कारण एक्स० कायम शून्य असल्याने जपायची गरज नाही. मग आरए, मग एसपी (स्टॅकचा पत्ता), पुढे क्रमाने.

समजा तू रजिस्टरं १७६ ऐवजी १६८ वर ठेवलीस. काय बिघडेल? तुझ्या साध्या चाचण्यांमध्ये काहीच नाही. फ्रेम लिहिणाराही तुझाच एम्युलेटर आणि आरटी_सिगरिटर्नच्या (हँडलरमधून परतण्याच्या सिस्टिम कॉलच्या) वेळी वाचणाराही तोच. दोन्हीकडे तीच चूक, त्यामुळे परत येणं अगदी सुरळीत. एकाच माणसाने तराजूत माल टाकला आणि त्यानेच मोजला, तर काटा खोटा आहे हे कळणार कसं? कळतं ते तिसरा माणूस आल्यावर: यूकाँटेक्स्ट उघडून पीसी बघणारा हँडलर, क्रॅश रिपोर्ट बनवणारी लायब्ररी, अपवाद हँडलरबाहेर फेकणारा सी++ प्रोग्रॅम. त्यांना पीसीच्या जागी आरए दिसतो, आरएच्या जागी एसपी. पुन्हा एक डबा सरकलेला.

म्हणून फ्रेम तपासायला तिसरा माणूस आपणच उभा करायचा. मी हे असं करतो. सिग्नल उठवण्याआधी असेंब्लीत प्रत्येक रजिस्टरमध्ये त्याचाच क्रमांक आठ वेळा भरतो. एक्स५ मध्ये ०५०५०५०५०५०५०५०५, एक्स६ मध्ये ०६०६०६०६०६०६०६०६, असं. एसपी, जीपी, टीपी तेवढे सोडून. एसपीच्या खालचा दोन-तीन हजार बाइटचा भाग ए५ ने रंगवून ठेवतो. मग मुद्दाम शून्य पत्त्यावरून वाचतो, म्हणजे सिगसेगव्ही (चुकीच्या पत्त्याचा सिग्नल) नेमका त्याच सूचनेवर येतो. हँडलर फ्रेम जशीच्या तशी फाइलमध्ये लिहितो. हेक्स डंप उघडला की प्रत्येक रजिस्टर आपलं नाव घेऊन समोर उभं असतं. ०५ ची ओळ फ्रेमच्या सुरुवातीपासून १२८ अधिक १७६ अधिक ४०, म्हणजे ३४४ वर दिसली पाहिजे. ३३६ वर दिसली तर काय चुकलं ते तुला आता माहीत आहे. जिथे ए५ शिल्लक आहे तिथे तुझ्या एम्युलेटरने काही लिहिलंच नाही. खऱ्या कर्नलच्या डंपमध्ये त्याच जागी शून्य असेल, तर तो रकाना तू विसरलायस.

त्यानंतरची पायरी लिहिण्याची. हँडलरने यूकाँटेक्स्टमधल्या पीसीत ४ मिळवायचे आणि परत जायचं. दोषी सूचना ओलांडून प्रोग्रॅम पुढे चालला तर वाचणं-लिहिणं दोन्ही जुळलं. ती सूचना कॉम्प्रेस्ड प्रकार बंद करून लिही, नाहीतर ती २ बाइटची निघू शकते आणि ४ ने उडी भलतीकडे पडेल. ही चाचणी पास होईपर्यंत फ्रेमवर विश्वास ठेवू नकोस.

ट्रॅम्पोलिनबद्दल तू विचारलंस म्हणून तेही. तुझ्याकडे व्हीडीएसओ नाही, तेव्हा वाचता आणि चालवता येईल असं एक पान तू स्वतः पाहुण्याला दे आणि आरए तिथे ने. त्यात दोनच सूचना: ए७ रजिस्टरमध्ये १३९ आणि मग ईकॉल (सिस्टिम कॉल मारणारी सूचना). १३९ हा आरटी_सिगरिटर्नचा क्रमांक. एन्कोडिंगही अगदी तेच ठेव, हेक्समध्ये ०८बी००८९३ आणि ००००००७३. जीसीसी कंपायलरचा अनवाइंडर (कॉलची साखळी उलगडणारा कोड) परतीच्या पत्त्यावर नेमकी हीच दोन सूचना-मूल्यं आहेत का ते बघतो, आणि त्यावरून ठरवतो की ही सिग्नलची फ्रेम आहे. तू वेगळ्या सूचनांनी तेच काम केलंस तर प्रोग्रॅम चालेल, पण बॅकट्रेस हँडलरपाशीच तुटेल. फ्रेमचा पत्ता १६ च्या पटीत राहील याचीही काळजी घे.

रिस्क-फाइव्ह आणि एक्स८६ च्या जोडीत तुझं नशीब बरं आहे हे लक्षात ठेव. दोन्ही ६४-बिट, दोन्ही लिटल एंडियन (आकड्याचा खालचा बाइट आधी), १ ते ३१ सिग्नलांचे क्रमांक सारखे. मास्क न बदलता पुढे ढकललास तरी चालतं. उद्या हाच एम्युलेटर मिप्स प्रोसेसरच्या पाहुण्यासाठी वापरायचा म्हटलंस तर यातलं काहीच टिकणार नाही. तिथे स्ट्रक्चरमध्ये फ्लॅग्ज पहिले आणि हँडलर नंतर. मास्क १२८ बिटांचा. सिगयूएसआर१ चा क्रमांक १० ऐवजी १६, सिगचाइल्डचा १७ ऐवजी १८. सिगइन्फोत एररनो आणि कोड यांची अदलाबदल. पर्यायी स्टॅकच्या वर्णनातही आकार आधी, फ्लॅग्ज नंतर. मास्क अडवणं, सोडणं, बदलणं यांचे आकडे आपल्याकडे ०, १, २, तर तिथे १, २, ३. ते न बदलता पुढे दिलेस तर पाहुणा 'अडव' म्हणतो आणि यजमान 'सोड' ऐकतो. ३२-बिट बिग एंडियन पाहुणा असेल तर मास्कला एक ६४-बिट आकडा समजून उलटायचं नाही. तो दोन शब्दांचा असतो, १ ते ३२ पहिल्या शब्दात, आणि प्रत्येक शब्द वेगळा उलटावा लागतो.

३२-बिट पाहुण्याची एक खूण सांगून ठेवतो, कधीतरी कामी येईल. सिगइन्फोमध्ये पहिल्या तीन आकड्यांनंतरचा भाग ३२-बिटवर १२ व्या बाइटपासून सुरू होतो, ६४-बिटवर १६ पासून. एम्युलेटरने यजमानाचा सिगइन्फो तसाच उतरवला, तर सिगचाइल्डच्या (मूल-प्रोसेस संपल्याच्या सिग्नलच्या) हँडलरमध्ये पीआयडी शून्य दिसतो, यूआयडीच्या जागी मुलाचा पीआयडी येतो, आणि एक्झिट स्टेटस १००० दिसतो. तो १००० म्हणजे लॅपटॉपवरचा तुझा यूझर क्रमांक. अशा संख्या समोर आल्या की त्यांना कचरा म्हणून सोडून देऊ नये. ही संख्या आणखी कुठे बघितलीय, एवढं स्वतःला विचारावं. तुझ्या ४००० चंही तेच होतं.

सिग्नल कधी पोचतो, सिस्टिम कॉलच्या तोंडाशी असताना आला तर काय, हा वेगळा आजार आहे आणि तो यात मिसळू नकोस. ओळखायची खूण साधी आहे. मांडणीची चूक दर वेळी त्याच जागी, बहुधा तीच संख्या देते. वेळेची चूक शंभरात दोनदा येते आणि एसट्रेस (सिस्टिम कॉल दाखवणारं साधन) लावला की गायब होते. तुझा पीसी दर वेळी ४००० होता. म्हणून मला वेळेकडे बघावंसंही वाटलं नाही. फक्त एकच सावधगिरी: पाहुण्याच्या ३२ आणि ३३ क्रमांकांच्या सिग्नलला यजमानाचा तोच क्रमांक देऊ नकोस. ग्लिबसी ते थ्रेडच्या कामासाठी स्वतःकडे ठेवते आणि तुझा एम्युलेटर स्वतःही ग्लिबसीवरच चालतो. त्यांना यजमानाच्या वरच्या रिअल-टाइम क्रमांकांवर हलव.

शेवटी तुझ्या बोर्डाबद्दल. लिनक्स ६.५ पासून रिस्क-फाइव्हच्या फ्रेममध्ये फ्लोटिंग पॉइंटच्या भागानंतर व्हेक्टर रजिस्टरांसाठी जादा नोंदी येऊ शकतात, प्रत्येक नोंदीला ओळखीचा आकडा आणि लांबी असते. तुझ्या चिपमध्ये व्हेक्टर नसेल तर फ्रेम जुनीच राहते, पण तिथल्या राखीव जागा शून्यच असाव्या लागतात. खरा कर्नल परत येताना ते तपासतो आणि तिथे कचरा दिसला तर सिगसेगव्ही देतो. म्हणून तुझ्या एम्युलेटरनेही त्या जागा शून्य करून ठेवाव्यात आणि परत येताना तपासाव्यात.

आज रात्री आधी सिगअ‍ॅक्शनचा २४ बाइटवाला बदल कर आणि ती अट काढून टाक, आता तिचं काम नाही. मग रजिस्टरं रंगवून दोन्ही डंप काढ, सिस्टिम मोडमधला आणि तुझा, आणि मला पाठव. ३४४ च्या ओळीवर काय आलं ते मी आधी बघेन.